टाचा टेकवल्या तो दिवस

निमोण्याच्या आखाड्यात जो पैलवान अंगाला न भिडता नुसता फिरत राहायचा, त्याच्यासाठी हलगीवाला वाजवणं थांबवायचा. याहून मोठा अपमान गावात नव्हता. माझे वडील, म्हणजे आप्पा, त्या मातीत वाढलेले.

दोन हजार सालानंतर लगेचची ही गोष्ट. कॉलेजसाठी मी दौंडला मावशीकडे राहत होते. तिथे सशस्त्र पोलीस दलातून निवृत्त झालेले एक सर बॉक्सिंग शिकवायचे. मुलींसाठी खेळ नवा होता, आम्ही चौघीच होतो. मला खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती व्हायचं होतं. कॉलेज संपल्यावर नोकरी लागली नाही तर वर्षाच्या आत लग्न, हे घरात ठरलेलं होतं.

सरांनी पहिला महिनाभर ग्लोव्ह्ज दिलेच नाहीत. दोन्ही घोट्यांना सायकलची जुनी ट्यूब बांधायची आणि मैदानावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकायचं. पाय जवळ आले की ट्यूब सैल पडायची आणि सर ओरडायचे. मग त्यांनी दोन तऱ्हा दाखवल्या. एकीत चवड्यांवर राहून सतत जागा बदलायची, ठोसा मारून बाजूला व्हायचं. दुसरीत पाय रोवून पुढे घुसायचं, चार खायचे आणि पाच द्यायचे.

"तुझे हात लांब आहेत आणि मार सोसायची तुला गरज नाही," सर म्हणाले. "तू फिरतं खेळ."

मी सहा महिने फिरतं खेळले. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या.

पहिली मोठी लढत शिरूरला, एका शाळेच्या मैदानावर. आप्पा गावातल्या तिघांना घेऊन जीपने आले होते. पहिल्या फेरीत मी समोरच्या मुलीला हात लावू दिला नाही. माझे तीन-चार ठोसे स्वच्छ बसले. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला, "आगं, पळती कशाला? हुबी ऱ्हा की!"

त्यांच्यासोबतचा एक जण म्हणाला, "आप्पा, पोरगी रिंगणाचं कोपरं झाडायला आलीया व्हय?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, ते मला मागे न पाहताही कळलं.

दुसऱ्या फेरीत मी टाचा टेकवल्या. ती मारत होती, मी जास्त मारत होते. तिचं नाक फुटलं आणि मी जिंकले. आप्पांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. सर माझ्या हातांच्या पट्ट्या सोडत म्हणाले, "हरली असतीस तर बरं झालं असतं. आता तू हेच खेळशील."

तेच खेळले. दोन वर्षं. सर सांगायचे, मी हो म्हणायचे, आणि घंटा वाजली की टाचा खाली. मी जिंकतही होते, त्यामुळे कुणाचं ऐकायची गरज वाटत नव्हती.

भरतीला तीन आठवडे राहिले असताना डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. मग कडेने सावली चढू लागली. डॉक्टरकडे गेले तर भरती हुकेल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. सरावही बंद केला नाही.

भरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी माझा उजवा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितलं. मला तक्ताच दिसला नाही.

पुण्याला ऑपरेशन झालं. मार बसून डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. लगेच आला असतात तर डोळा वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आप्पा भेटायला आले. पलंगाजवळ उभे राहिले.

"दुसरा डोळा बरा हाय न्हवं?"

"आहे."

"मग भरतीत चालंल."

"नाही चालत, आप्पा."

"त्या सरांनी तुला नीट शिकवलंच न्हाई का?"

"शिकवलं होतं."

त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्याच वर्षी मांडवगण फराट्याचं स्थळ आलं. पाहायला आलेल्या माणसांना डोळ्याचं आप्पांनीच सांगितलं. शाळेत असताना चेंडू लागला होता, म्हणाले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी मान हलवली.