सहावा मणी

बालाघाटात माणसाला आडनावावरून, गावावरून, जातीवरून ओळखणारे पैशाला पासरी मिळत. पेशींवरून ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा. नोकरी दवाखान्यात रक्त तपासण्याची. दवाखाना बंद झाला तरी मावसाजींची तपासणी चालूच असे. आपण भेटलेल्याला ‘कसं काय’ विचारतो. ते आधी त्याची पापणी खाली ओढून पाहत. खिशात पेनाशेजारी आयोडीनची बाटली, त्यामुळे त्यांच्या झाडून साऱ्या शर्टांना काळजाच्या जागी तपकिरी डाग. मिठाईच्या दुकानात पेढ्यावर एक थेंब टाकायचे, पेढा निळा पडला की दुकानदाराला शांतपणे सांगायचे, “भाऊ, याच्यात पीठ हाय.” त्यामुळे शहरातल्या तीन दुकानांत मावशीला एकटीलाच जावं लागे. पंगतीत ते भाताचा घास तोंडात धरून बसत आणि शेजाऱ्यालाही बसवत. “गिळू नको, चावत राह्य. आता गोड लागून राह्यलं का? लाळेनं पिठाची साखळी तोडली, साखर सुटली.” पंगत उठायची वेळ येई तरी मावसाजींच्या बाजूचे चारपाच पाहुणे पहिल्याच घासावर असत. उकडलेलं अंडं सोलताना तर ते हळहळत. “प्रथिनाची घडी एकदा मोडली का मंग किती बी थंड करा, माघारी येत नाही.” मावशी म्हणे, “खा ना मंग. सुतक काहून पाळून राह्यले?”

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो रक्तातल्या प्रथिनाच्या एका साखळीत. तिच्यासाठी त्यांनी एकशे सेहेचाळीस मण्यांची माळ ओवली होती. सहावा मणी लाल, बाकीचे पांढरे. हा सहावा मणी बदलला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, आणि माणूस हाडं धरून रडतो, हे ते भरवेलीच्या खाणमजुरांपासून कोर्टातल्या वकिलांपर्यंत सगळ्यांना समजावत. आई-बाप दोघांकडून दोष आला तर लेकरू आजारी. एकाकडूनच आला तर ते धडधाकट, फक्त दोष पुढे नेणारं. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त पाहा, हा त्यांचा हट्ट.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पत्रकं लिहीत होतो. आमच्या बौद्ध घरातली शेवटची कुंडली आजोबांनी चुलीत घातली होती, हा आमचा अभिमान. ताईचं लग्न लांजीच्या मुलाशी ठरत आलं आणि मावसाजींनी रक्त तपासायचं काढलं, तेव्हा मी भडकलो. “एक कुंडली जाळली, तुमी दुसरी घेऊन आले.”

“त्या कुंडलीतला मंगळ आभायात राह्यते, बाबू,” ते म्हणाले. “हा रक्तात राह्यते. तुले भिंगाखाली दाखवतो.”

साक्षगंधाच्या दिवशी मुलानं आणि ताईनं हसत हसत बोटं पुढे केली. मावसाजी मागच्या खोलीत गेले. दोन काचनळ्यांतल्या औषधात रक्त टाकलं, आणि नळीमागे धरायला छापील कागद हवा म्हणून माझंच पत्रक उचललं. ताईच्या नळीतून ‘रक्ताला जात नसते’ हे स्वच्छ वाचता आलं. मुलाच्या नळीत पाणी गढूळ झालं, अक्षरं बुडाली. मावसाजींना आनंद मावेना. दोष एकातच, तोही अर्धा. लेकरांना धोका नाही. ते तसेच नळ्या घेऊन पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोरात हाय, पोरीत नाही. करा लग्न बिनधास्त.”

मुलाच्या आईनं हातातला कप खाली ठेवला. “आमच्या पोराचं रक्त खराब हाय, हे चार लोकांत सांगाले बलावलं का आमाले?” तासाभरात जीप लांजीला परतली. ताई नव्या साडीत भिंतीला टेकून बसली होती. मी साऱ्यांसमोर मावसाजींवर ओरडलो, “तुमाले माणसं दिसतच नाही. नळ्याच दिसतात.” त्यांनी नळ्या धुतल्या, पुसल्या, डब्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते एकटेच लांजीला गेले. तिथे काय झालं ते मला पुढे त्या मुलानंच, म्हणजे भाऊजींनी, सांगितलं. माळ पिशवीतच राहिली. मावसाजींनी हात जोडले. “बाई, पोराचं रक्त खराब नाही. माह्यं तोंड खराब हाय. तुमाले सांगाच्या आधी साऱ्या घराले सांगतलं.”  बाईंनी विचारलं, “माह्यी मोठी पोरगी थंडीत हाडं धरून रडे. झाडफूक केली, तरी गेली. ते हेच होतं का?” एका पेशीवर दोन तास बोलणारा तो माणूस फक्त “हौ” म्हणाला, आणि संध्याकाळच्या बसपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसून राहिला.

लग्न झालं. मुलाच्या आईनं स्वतः पुढे होऊन मावशी-मावसाजींना आहेर केला. त्यानंतर मात्र मावसाजी पंगतीत मुकाट जेवू लागले, आणि रक्ताचा निकाल ज्याचा त्याला, कानाशी वाकून सांगू लागले. माझा भाचा वर्षाचा झाल्यावर त्याचंही रक्त त्यांनी पाहिलं आणि आत जाऊन ताईशी दोन शब्द बोलले. मी दारातच विचारलं, “काय निघालं, मावसाजी?”

“त्याच्या मायले सांगतलं,” ते चप्पल घालत हळूच म्हणाले. “तुले काहून पाह्यजे?”

तत्त्वाला धरून अगदी बरोबर होतं ते. मी त्यावर पत्रकही काढलं असतं. पण त्या दिवशी मला फार वाटलं की या माणसानं एकदा तरी साऱ्या घराला ऐकू जाईल असं बोलावं.