हंड्यातला जप

त्या साली कावेरीचं पाणी कालव्यांत आलं नाही, आणि आमच्या तंजावरच्या मराठी मंडळींना एकदम समस्त समाजाची आठवण झाली. एरवी पंगतीत कुणी कुणाच्या वर बसायचं यावरून वर्षानुवर्षं अबोला धरणारी माणसं सगळ्यांसाठी पाऊस मागायला एकत्र आली. इंग्रजानं राज्य घेतलं, पण मानपान तेवढा आमच्याकडेच राहू दिला. त्याला त्याचा काही उपयोग नसावा.

पावसाचा जप गळ्याइतक्या पाण्यात राहून करायचा असतो. तळ्यात तर चिखलसुद्धा वाळलेला. मग छत्रातल्या, म्हणजे धर्मशाळेच्या, स्वयंपाकघरातले, माणूस मावेल एवढे तांब्याचे हंडे देवळात आणले आणि आळीतली एकच विहीर जिवंत होती, तिचं पाणी त्यांत भरायचं ठरलं. पाणी मागायला आधी पाणी लागतं, असं शास्त्र. ते ओढायला बायका होत्याच. कोणत्या हंड्यात कोण बसणार यावर बरंच भांडण झालं, कारण कुणाचे पणजोबा दरबारात कुठं बसत हे अजून सगळ्यांना तोंडपाठ होतं. सर्वांत मोठा हंडा माझ्या वडिलांना मिळाला. कचेरीत साहेबापुढं दिवसभर कमरेत वाकणारा हा माणूस हंड्यात बसला की थेट सरदार दिसे.

घरी माझी अक्का पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला आणि तिला ताप भरला. वैद्य म्हणाले, अंग सारखं ओल्या फडक्यानं पुसत राहा, ताप डोक्यात जाऊ देऊ नका. घरातलं पाणी तिच्यासाठी कंजी, म्हणजे भाताची पेज, करण्यातच संपलं होतं. अक्का मला ओळखेनाशी झाली. आई घागर घेऊन विहिरीवर गेली, तर पहाऱ्याला बसलेल्या पंचांनी पोहरा आपल्याकडं ओढून घेतला.

"जप संपेपर्यंत घरटी एकच घागर, वहिनी. समस्तांचें काम आहे."

आईनं वाद घातला नाही. मला दुसरी घागर उचलायला लावून ती सरळ देवळात शिरली. हंडे रांगेनं मांडलेले, प्रत्येकातून एक शेंडी राखलेलं डोकं वर आलेलं. आईनं वडिलांच्याच हंड्यात घागर बुडवली. मीही माझी बुडवली; भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. जप मोडून बोलायचं नसतं, म्हणून वडिलांनी फक्त डोळे वटारले. आम्हाला अडवायचं तर कुणाला तरी तोंड उघडावं लागलं असतं, त्यामुळं कुणी अडवलं नाही. दुसऱ्या खेपेला पाणी वडिलांच्या छातीखाली गेलं.

"समस्तांसाठीं मागतांत ना?" आई त्यांना हळूच म्हणाली. "त्यांतली येक घरीं पडली आहे."

वडिलांचा मंत्र तिथं अडखळला, पण त्यांनी तो सोडला नाही.

दिवसभर आम्ही अक्काचं अंग पुसत होतो. दिवेलागणीला तिचा ताप उतरला आणि तिनं बाळाला जवळ मागितलं. मला रडू आवरेना. तेवढ्यात वडील आले. बोटं सुरकुतलेली, ओठ निळसर. अक्काच्या कपाळावर त्यांनी बराच वेळ हात ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "जपाला गुण आला म्हणायचा."

"आला तर," आई म्हणाली. "उद्यां गळ्यापर्यंत भरून घेऊन बसा. बाळंतिणीस न्हाऊं घालायचें आहे."