किटली वाजली की

“चला, दूध घाला!”

शाळेच्या फाटकात उभे राहून आमचे खेळाचे सर रोज सकाळी असं ओरडायचे. हातात झाकणाची मोठी किटली, गावाकडे डेअरीला दूध घालायला नेतात तीच. आत बायकोच्या जुन्या साडीचं अस्तर. शाळेत मोबाईलला बंदी झाली तसा ते गोळा करायचा मान सरांनी आपणहून घेतला. पोरांनी मोबाईल बंद करून किटलीत सोडायचा, शाळा सुटली की घेऊन जायचा. एखाद्याची काच फुटलेली दिसली की सर तो उन्हात धरून म्हणायचे, “फॅट कमी लागलंय रं तुझ्या म्हशीचं!” अख्खी रांग खिदळायची. तुम्ही त्या रांगेत असता तर तुम्हीही हसत हसत दिला असता.

सगळ्यात आधी सर स्वतःचा घालायचे. शिक्षकांना बंदी नव्हती, आम्ही बाकीच्या शिक्षकांनी तसं सांगूनही पाहिलं. “मॅडम, डेअरीच्या चेअरमननंच दूध घातलं न्हाय तर गाव कशाला घालंल?” झालं, विषय संपला. मग मीही घालू लागले.

एक लबाडी मात्र ते करायचे. पोरांचे मोबाईल बंद, त्यांचा चालू. का, ते एका दुपारी कळलं. ऑफिसच्या कपाटात किटली वाजायला लागली. क्लार्क म्हणाले, “सर, पोराचा असंल. घ्या की.” सरांचा एकुलता मुलगा सैन्यात, कुठेतरी उंच बर्फात. रेंज मिळाली तर दुपारीच मिळायची, आणि इकडून फोन लावला तर लागायचा नाही. सर कपाटावर हात ठेवून उभे राहिले. वाजायचं थांबलं तेव्हा म्हणाले, “वाजला न्हवं? म्हंजे पोरगं बरं हाय.” आणि शिट्टी घेऊन मैदानात गेले. मला त्या माणसाचा राग आला, आणि रडूही आलं.

ऑफिसशेजारच्या दहावीच्या वर्गाने हे सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सर आपला मोबाईल घालणार, तोच रांगेतल्या पहिल्या पोरीने किटलीच्या तोंडावर पंजा ठेवला.

“परत न्या, सर. फॅट लागलं न्हाय.”

“ए, बाजूला हो!”

“न्हाय. तुमचं दूध आमच्या डेअरीत चालत न्हाय.”

मागून सगळी ओरडली, “परत! परत!” सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण ती काही वाजेना. मोबाईल खिशात गेला.

पुढे एकदा कबड्डी ऐन रंगात असताना तो वाजला. कुणी न सांगता अख्खं मैदान गप्प झालं. सर पाठ करून उभे होते. “जेवलास काय रं? व्हय, आई बरी हाय.” एवढंच ऐकू आलं.

सर निवृत्त होऊन गारगोटीकडच्या आपल्या गावी गेले. किटली माझ्याकडे आली. माझा फोन मीही चालूच ठेवायचे, आणि दुपारी तो वाजू लागला. शाळा सुटल्यावर पाहावं तर सरांचा मिस्ड कॉल. मी उलट फोन लावून म्हटलं, “सर, त्या वेळी फोन किटलीत असतो, ठाऊक आहे ना?”

“म्हाईत हाय की! उचलला असता तर शिव्या घातल्या असत्या. रोज वाजीवणार. वाजला की समजायचं, म्हातारा बरा हाय.”

पोरांनाही त्याची सवय झाली. कपाट वाजलं की वर्गातून कुणीतरी म्हणायचं, “सर जेवलं वाटतं.”

गेल्या सोमवारी कपाट वाजलं नाही. मी शिकवत होते, पण पोरं ऑफिसच्या भिंतीकडेच बघत होती. तास अर्धवट टाकून मी कपाट उघडलं, किटलीतून फोन काढला आणि सरांना लावला. शाळेच्या वेळेत पहिल्यांदाच. सुट्टीवर आलेल्या मुलाने उचलला.

“मॅडम, बाबा सकाळी गेलं,” तो म्हणाला. “शाळा सुटल्यावर कळवणार हुतो. आधी लावला असता तर रागावलं असतं की.”