बँडसाठी घेतलेली चाकांची पेटी

आमच्या बँडची वाद्यं पोत्यात बांधून जायची. ट्रंपेट आणि क्लॅरनेट जुन्या लुगड्यात गुंडाळून पोत्यात, आणि तात्यांचा मोठा पितळी बाजा उघडाच, त्यांच्या खांद्यावर. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. बँड वडलांनी काढलेला, पण मुरुमपासून उमरग्यापर्यंत लोक सुपारी द्यायचे ती तात्यांच्या बाजासाठी.

आम्ही बौद्ध. धर्म घेतला तेव्हा आमच्या वस्तीनं गावकीची सगळी कामं सोडली, त्यात हलगीही गेली. बँड मात्र वडलांनी हट्टानं काढला. त्यांचं म्हणणं, हलगीला हुकूम यायचा, बँडला सुपारी येते. हलगीवाला उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, बँडवाला वर्दी घालून वरातीच्या पुढं चालतो. हा फरक त्यांनी मला इतक्यांदा सांगितला होता, की बी.ए.च्या परीक्षेत विचारला असता तर मी पुरवणी लावून लिहिला असता.

बी.ए. झालेला मी आमच्या वस्तीतला पहिला. धाराशिवला वसतिगृहात राहून शिकलो आणि तिथंच एका सहकारी संस्थेत कारकून म्हणून लागलो. याचा मला गर्व होता, आजही आहे, तो मी लपवत नाही.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून काही वर्षं झाली होती. एका साली भागातल्या साखर कारखान्याची सुपारी आली. पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला आमचा बँड. त्या वर्षीही पावसानं पाठ फिरवलेली, त्यामुळं फडात ऊस कमी आणि मंडपात पुढारी जास्त, असा तो हंगाम. त्याच्या थोडं आधी एसटीच्या टपावर पोतं आदळून ट्रंपेटचं तोंड चेपलं होतं. वडील म्हणाले, आता पेटी पाहिजे, आणि ती तूच बघून आण. घरात काही निवडायचं असलं की ते माझ्याकडं यायचं. शिकलेला होतो ना.

सोलापूरच्या दुकानात दोन पेट्या होत्या. एक लाकडी, दोन्ही बाजूंना कड्या, दोघांनी उचलून न्यायची. दुसरी लांब, कोपऱ्यांना पत्रा, आत तांबडी मखमल, खाली चार चाकं आणि पुढं ओढायला चामडी पट्टा. हिला कड्या नव्हत्याच. दुकानदारानं एका बोटानं ती ओढून दाखवली आणि माझं तिथंच ठरलं. ओझ्याखाली वाकायचे दिवस गेले, असं काहीतरी मी त्याला ऐकवलंसुद्धा. उमरग्याच्या स्टँडवर ती ओढत निघालो तेव्हा मला वाटलं, सगळा स्टँड आपल्याकडंच बघतोय.

घरी अंगणात सगळे जमले. वडलांनी मखमलीवरून हात फिरवला. तात्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आन् न्ह्यायची कशी?"

मी पट्टा धरला आणि अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून दाखवली.

आई उठून आत गेली. मग तात्या म्हणाले, "लई चांगली हाय. पर म्या वढणार न्हाय. माझा बाजा म्या खांद्यावर न्हेतो."

मी समजावायला लागलो. चाकामुळं ओझं कसं हलकं होतं, मोठमोठे वादक आपल्या पेट्या अशाच नेतात (हे मी कुठं पाहिलं होतं कुणास ठाऊक), आणि जुन्या माणसांचं हे असंच असतं, हेही बोलून गेलो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेळीला पाणी दाखवायला निघून गेले.

मग वडलांनी सांगितलं. बहात्तरच्या साली गावात जनावरं पटापट मरत होती. मेलेलं ढोर ओढणं आमच्या लोकांनी धर्म घेतला तेव्हाच सोडलेलं, आणि ते सोडायला सगळ्यांत पुढं तात्याच होते. गावातल्या एका बागायतदाराच्या विहिरीला तेवढं पाणी उरलेलं. त्याचा बैल गोठ्यात मेला. त्यानं निरोप धाडला, बैल ओढून न्या, नाहीतर विहिरीकडं फिरकू नका. वस्ती हटून बसली. पण घरात माझी आजी तापानं फणफणलेली, आणि तिच्या तोंडात घालायला पाणी नाही. एका दुपारी तात्या दावं घेऊन गेले. बैलाचा नुसता सापळा राहिला होता, तरी एका माणसाचं ते काम नव्हे. पण दुसऱ्या कुणाला त्यांनी दाव्याला हात लावू दिला नाही. भर गावातून, थांबत थांबत, एकट्यानं ओढला. लोक ओट्यांवर बसून बघत होते.

"तू हास्टेलात हुतास," वडील म्हणाले. "तुला कळवू नगा म्हनला."

हॉस्टेलात त्या दिवसांत मी दोन्ही वेळ जेवत होतो, आणि समतेवर भाषणं करून बक्षिसं आणत होतो.

पेटी परत करतो म्हणालो, तर वडील नको म्हणाले; कार्यक्रम तोंडावर आला होता. तात्यांना हात लावू देऊ नका, मी रजा टाकून येतो आणि मी ओढतो, एवढं मी ठरवलं. माझं त्यात काही कमी होणार नाही, असं मला वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी फाट्यावर उतरलो. तात्यांचा बाजा त्यांच्या खांद्यावर, बाकी सगळी वाद्यं पेटीत, आणि पट्टा माझ्या हातात. कारखान्याच्या फाटकाशी सभासद मंडळी उभी होती, त्यांत तो विहिरीचा बागायतदार. त्यानं मला ओळखलं.

"काय रं, बी.ए. झालास म्हनं," तो म्हणाला. "वढायचंच हुतं तर येवढं शिकायचं कशाला?"

त्याच्यासोबतचे हसले. मीही थोडं हसलो. कचेरीत वरच्या माणसाच्या थट्टेवर हसायची सवय लागलेली, ती तिथंही कामाला आली.

तात्या पुढं गेले होते, ते मागं फिरले. बाजा त्यांनी वडलांकडं दिला आणि माझ्या हातातल्या पट्ट्याला हात घातला. मी सोडेना.

"सोड," ते हळू म्हणाले. "तुला ह्याच्यासाठी शिकिवलं न्हाय." मग त्या बागायतदाराकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मालक, ह्याला न्हाय जमायचं. मला ठावं हाय कसं वढायचं ते."

तो पान थुंकायला बाजूला झाला.

फाटकापासून मंडपापर्यंत तात्यांनी पेटी ओढली. दोन्ही बाजूंना माणसं, त्यांत आमच्या गावचीही. मी एकदा हात पुढं केला, तर त्यांनी पट्टा पलीकडच्या हातात घेतला. मी इस्त्रीच्या शर्टात, मोकळ्या हातांनी मागं चालत होतो. आणि खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

मंडपात तात्यांनी पेटी उघडून ज्याचं त्याला वाद्य दिलं, हात वर्दीला पुसले आणि वडलांकडून बाजा घेतला. एका कार्यकर्त्यानं माझे कपडे बघून मला पाहुण्यांच्या खुर्च्यांकडं बोट दाखवलं. मी घुटमळलो. समोर उभ्या तात्यांचे गाल फुगलेले, सूर लागलेला. तोंडचा बाजा न काढता त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बस.

मी बसलो.