गळती थांबल्याचे पेढे

जीपखालची तेलाची गळती थांबली म्हणून मी गावात पेढे वाटले. चूक माझी. उभी नोकरी फौजेच्या गाड्या चालवण्यात घालवलेल्या माणसाला ही चूक करायला खास मेहनत घ्यावी लागते. मी ती घेतली.

मी फौजेत ड्रायव्हर होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव चिखली तालुक्यात. गावात मला तोंडावर ‘फौजी’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते बायको घरी आणून सांगते.

जीप माझी नाही. नायक गजाननची. गजानन शेजारच्या गावचा, माझ्याच प्लॅटूनमधला, मला दोन वर्षं सीनियर. शेवटच्या सुट्टीत त्याने ही जुनी डिझेल जीप लिलावात घेतली, घरी आणून अंगणात उभी केली आणि आईला म्हणाला, “माय, पुढच्या सुट्टीत तुले देऊळगावच्या बालाजीले नेतो. आपल्या गाडीत.” पुढची सुट्टी झाली नाही.

जीप गोठ्यात गेली. कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार केले. कुसुमवैनीकडे, म्हणजे गजाननच्या बायकोकडे, जीपसाठी गिऱ्हाइकं येत राहिली. तिने जीप विकली नाही.

यंदा मायचं हृदय थकलं. डॉक्टर वैनीला बाजूला घेऊन म्हणाले, जे करायचं मनात असेल ते करून घ्या. मायच्या मनात बालाजी होता. मी म्हटलं, “माय, भाड्याची गाडी करतो. एसीवाली.”

“गजाच्या गाडीत नेत असशीन तर ने. नाही तर मंग खांद्यावरच न्या मले.”

ऑर्डर मिळाली.

चिखलीच्या मिस्त्रीने आठवडाभर खपून इंजिन चालू केलं, ब्रेक नवे टाकले, टायर बदलले. तेलाचं मी पाहतो, असं मी त्याला बजावलं. तेल म्हणजे माझं डिपार्टमेंट. ब्लेझर घालून खामगावला गेलो. दुकानदाराला म्हटलं, “जुनी जीप हाय. पण कंजुषी नोको. सगळ्यात भारी इंजिन ऑइल दाखव.”

त्याने दाखवलं. सोनेरी डबा, किंमत बघून डबाच सोन्याचा असावा असं वाटलं. नव्या पेट्रोल गाड्यांचं तेल, पाण्यासारखं पातळ. तो जरा थांबून म्हणाला, “तुमच्या गाडीले हे...” मी छाती काढली. तो म्हणाला, “बराबर हाय. फौजी मानसाले मी काय सांगू?” माझ्या छातीने माझं जितकं नुकसान केलंय तितकं शत्रूने केलेलं नाही.

सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो. जुन्या इंजिनाचे भाग झिजलेले असतात, मध्ये फटी पडलेल्या असतात. जाड तेल त्या फटीत बसून राहतं. पातळ तेल निघून जातं. सील म्हातारे असले की ते बाहेरही येतं. माझं सोन्याचं तेल दोन दिवसांत जिथून वाट मिळेल तिथून बाहेर आलं. प्रेशरचा काटा झोपला. मी ते सगळं काढून टाकलं आणि गुपचूप चिखलीतून वीस-चाळीस नंबरचं साधं डिझेलचं तेल आणून भरलं. गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं तेल मी आधीच भरलं होतं. तेवढं बरोबर होतं.

जीपखाली मी पत्र्याचा ट्रे ठेवत असे. ही फौजेची सवय. आमच्या एमटी लाइन्समध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, प्रत्येक गाडीखाली ड्रिप ट्रे असायचा. इन्स्पेक्शनला साहेब आधी ट्रे बघायचे, मग गाडी, मग ड्रायव्हर. ट्रेमध्ये थेंब दिसला की ड्रायव्हरची सुट्टी लांबायची. त्यामुळे कोरडा ट्रे दिसला की आम्हाला अजूनही बरं वाटतं.

गजानन वेगळा होता. तो ट्रेमधला थेंब बोटावर घ्यायचा, चोळायचा, नाकाशी न्यायचा. “काळं अन् पातळ, थे इंजिनचं. चिकट अन् सडल्या कांद्यावानी वास, थे गिअरचं. पह्यले वास घे बे, मंग बोल.” सगळी प्लॅटून त्याला ‘नाक साहब’ म्हणायची.

जीपच्या ट्रेमध्ये दोन्ही तेलं पडत होती. मी वास घेतला नाही. इंजिनचं तेल बदललं तसे थेंब कमी झाले. मग एक दिवस ट्रे कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. मी समजलो, योग्य तेलाची करामत. चिखलीहून किलोभर पेढे आणले.

बायको म्हणाली, “गाडी गयाची थांबली म्हून पेढे. अन् पोरगी पास झाली तवा साखर वाटली होती तुमी.”

जायच्या दिवशी सकाळी मी रीतसर फर्स्ट परेड केली. फौजेत गाडी हलवण्याआधी तेल, पाणी, हवा, गळती बघायची असते, तिला फर्स्ट परेड म्हणतात. इंजिन ऑइल फुल. पाणी फुल. हवा ठीक. ट्रे कोरडा. गिअरबॉक्सचं तेल बघायला गाडीखाली शिरून बाजूचा बोल्ट काढावा लागतो आणि आत बोट घालावं लागतं. माझ्या अंगावर पांढरी पँट, ब्लेझर आणि मेडल्स होती. मी शिरलो नाही. ड्रायव्हर सीटखाली मात्र माझा डबा ठेवला. त्या डब्याचं पुढे येईल.

माय पुढे माझ्या शेजारी बसली. मांडीवर नारळ. वैनी मागे. गोठ्यातून जीप बाहेर पडली तेव्हा मायने दाराच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला.

चिखली मागे पडली. पुढे चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये आवाज सुरू झाला. बारीक, वरच्या पट्टीतला, लांबवर कुत्रं रडावं तसा. गिअरची दांडी हाताला थरथरत लागली. मी मोठ्याने बोलायला लागलो. पीकपाणी, सोयाबीनचा भाव, बालाजीची यात्रा, जे सुचेल ते. मायला ऐकू कमी येतं, ही माझी आशा. पण तिचे पाय थरथरत्या पत्र्यावर होते.

“गाडी कन्हून राह्यली रे.”

“जुनी हाय, माय. कन्हतेच.”

तो आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता.

वरच्या सीमेवर, थंडीत. एका पोस्टला रसद आणि केरोसीन पोचवायचं होतं. तीन गाड्या. वन नंबर सुभेदार साहेब, टू मी, शेवटी थ्री गजानन. कूच सकाळी सहाला. अर्ध्या वाटेवर एक पट्टा होता, तिथे डोंगर वरून सुटायचा, बर्फ आणि दगड घेऊन. त्या पट्ट्यात थांबायचं नाही, ही स्टँडिंग ऑर्डर. पट्ट्याच्या थोडं अलीकडे माझी गाडी एका दगडावर आपटली. मी तशीच पुढे काढली. थोड्या वेळाने वायरलेस सेटवर गजानन.

“टू, मैं थ्री. तुझी गाडी बर्फावर शाई शिंपडून राह्यली बे.”

“थ्री, हिंदी में बात करो,” सुभेदार साहेब.

“सर, टू का ऑइल लीक है. मोटा धब्बा है, गिअर का होगा.”

“पट्टा पार करो. रुकना नहीं. ओव्हर.”

आम्ही पट्ट्यात शिरलो. गाडी रडायला लागली. तोच आवाज. थोड्या वेळाने पुन्हा गजानन.

“टू, डाग बंद झाले.”

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, “थ्री, बहोत अच्छा. लीक बंद हो गया.”

मग सुभेदार साहेबांना न जुमानता शुद्ध वऱ्हाडीत, “थांबलं म्हंजे संपलं, येड्या! तेल हाय तोवर गयते. आता दुसऱ्यात चाल. तिसरा टाकू नोको, गिअर जाम होईन. पट्टा सुटला की थांब.”

मी दुसऱ्या गिअरमध्ये चाललो. पट्टा संपल्यावर रस्ता रुंद झाला तिथे थांबलो. गजानन कोटाच्या आतून दोन लिटरचा डबा काढत आला. त्या थंडीत गिअर ऑइल गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं, ओतलं तर पडत नाही. म्हणून त्या मोसमात तो एक डबा पोटाशी बाळगून गाडी चालवायचा. आम्ही त्याला सहावा महिना, सातवा महिना म्हणून चिडवायचो. आपटून निसटलेल्या बोल्टच्या जागी त्याने लाकडाची खुंटी करून ठोकली. बर्फावर उताणा पडून पोटाच्या ऊबेतलं तेल माझ्या गाडीत ओतलं आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

“भरून परत दे.”

“उद्याच देतो.”

आम्ही पोस्टला पोचलो. सामान उतरवलं. तिथल्या स्टोअरमधून गाडीला बोल्ट घेतला आणि डबा भरून घेतला. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत निघालो. क्रम तोच. वन, टू, थ्री. डबा मी माझ्या सीटखाली ठेवला होता, खाली पोचल्यावर द्यायला. पट्ट्यातून माझी गाडी निघाली आणि पाठीमागे आवाज झाला. तो फार मोठा नव्हता. पोती उतरवताना होतो तसा.

“थ्री, मैं टू.”

“थ्री, मैं टू. ओव्हर.”

“गजा, बोल ना बे.”

सुभेदार साहेब त्यांच्या गाडीतून उतरून चालत माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझ्या हातातून सेट काढून घेतला. हिंदी में बात करो, असं ते तेव्हा म्हणाले नाहीत. थ्री नंबरची गाडी तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडली. गजानन स्टिअरिंगवर होता.

डबा माझ्याकडे राहिला. निवृत्त होताना माझ्या ट्रंकेत तो घरी आला. दर खंडेनवमीला गावात लोक अवजारं पूजतात, ट्रॅक्टर पूजतात. मी डबा पूजतो. जुनं तेल काढतो, नवं नव्वद नंबर काठोकाठ भरतो, झाकण घट्ट करतो. भरून परत द्यायचा होता ना. कुणाला द्यायचा ते मात्र कळत नव्हतं. वैनीला, मायला मी कधी सांगितलं नाही.

तर चढावर गाडी रडत होती आणि मी सोयाबीनचा भाव सांगत होतो. गरम पत्र्याचा वास आला तेव्हा भाव संपले. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ब्लेझर काढला. पांढऱ्या पँटसकट खाली शिरलो. बाजूचा बोल्ट काढून आत बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं.

खाली धुळीत पडल्या पडल्या ऐकू येत होतं. वैनी खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, “भाऊजी, आता वापस फिरलो तर माय पुन्हा बसनार नाहीत गाडीत. येळही नाही त्यायच्यापाशी. काय झालं?”

“तेल नाही गिअरमदी. मी पुढच्या फाट्यावर पायी जातो. ट्रॅक्टरवाल्याजवळ भेटन.”

“किती दूर हाय?”

फाटा दूर होता. ऊन चढत होतं. मायचे ओठ निळसर दिसत होते. नारळ तिने घट्ट धरला होता.

मी बाहेर आलो. सीटखालचा डबा दिसत होता. मी त्याच्याकडे न बघता पाण्याची बाटली शोधण्याचं नाटक केलं. मायने बघितलं.

“त्या डब्यात काय हाय?”

“तेल.”

“कायचं?”

मला खोटं बोलता आलं असतं. “गिअरचं.”

“मंग फाट्यावर कायले जातं?”

मी रस्त्यावर उभा राहून सांगितलं. खुंटी, पोटाची ऊब, भरून परत दे. सहावा महिना, सातवा महिना हेही सांगितलं. वैनी जीपच्या मागच्या बाजूला निघून गेली. माय ऐकत राहिली. मधून एक एसटी हॉर्न वाजवत गेली, तेवढा वेळ मी थांबलो, मग पुढचं सांगितलं. मायने हात पुढे केला. मी डबा तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, वजन घेतल्यासारखा. मग पदराने झाकणावरची धूळ पुसली.

“गाडी कोनाची हाय?”

“गजाची.”

“डबा?”

“गजाचा.”

“वत मंग.”

मधला पत्रा उचलून, रबरी नळी लावून मी तेल ओतलं. नळी वैनीने धरली. उन्हात तापलेलं तेल, सरळ उतरलं. कांद्याचा वास आला. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी डबा उलटा धरून ठेवला, गरज नव्हती तरी.

खालून तेल अजूनही गळणारच होतं. आता मला ते बरं वाटत होतं. दुसऱ्या-तिसऱ्यात, पाच-सात किलोमीटरवर थांबून, खाली थेंब पडतोय ना ते बघत आम्ही देऊळगाव राजाला पोचलो. आवाज कमी झाला होता, गेला नव्हता. गिअरच्या दातांचं जे व्हायचं ते झालं होतं. मायने बालाजीला नारळ वाहिला. वैनीने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ती देवापुढे काय बोलली ते मला कळलं नाही. ‘गजा’ एवढं ऐकू आलं.

बाहेर पायरीवर ती टेकली. रिकामा डबा तिने गाडीतून सोबत आणला होता. तो मांडीवर होता. खालच्या बाजूला माझी पांढरी पँट, काळी झालेली, आणि वर परत चढवलेल्या ब्लेझरवर मेडल्स. मी तिच्यासमोर सावधानमध्ये उभा होतो, का ते माहीत नाही.

मी म्हटलं, “माय, गजानन असता तर गाडी रस्त्यात थांबली नसती.”

तिने मला खालून वर बघितलं. मेडल्सवर जरा थांबली.

“डब्यातलं तेल दरसाल बदलवत होता म्हंतं. अन् जे गाडी चालवाची, तिच्यातलं पाह्यलंच नाही. तुले सरकार पेन्शन कायची देते रे?”