लाल पिशवीचं वजन

मार्च लागला की चंदीगडमध्ये पानगळ सुरू होते. आमच्या सोलापुरात झाडं पालवतात तेव्हा इथले रस्ते पिवळ्या पानांनी भरतात, आणि वॉर्डाच्या खिडकीतून त्या वाळक्या पानांचा वास स्पिरिटच्या वासात मिसळून आत येतो. अशाच एका सकाळी माझ्या विद्यार्थिनीने, गुरलीनने, माझ्यापुढे वही ठेवली. लाल पिशवीचं, म्हणजे वापरलेले हातमोजे आणि नळ्या टाकायच्या पिशवीचं रोजचं वजन, आठवड्याभरात साडेचार किलोवरून दोनवर आलं होतं.

रुग्णाला बरं करताना पृथ्वीवर कमीत कमी कचरा कसा टाकावा, हे मी वैद्यकीच्या मुलांना शिकवतो. गरजेपुरतेच मोजे वापरा आणि पिशवी रोज तोला, हा पाठ माझाच. मला आनंद व्हायला हवा होता. आली ती शंका. घरी विजेचा वापर अचानक कमी दिसला तर मी आधी मीटर तपासतो. पिशव्या शेजारच्या वॉर्डात जात असतील, किंवा, आणि या विचाराने मला झोप लागली नाही, वहीतला आकडा मला कमी दिसावा म्हणून मुलं रक्त काढतानाही मोजे टाळत असतील. एक सुई टोचायचा अवकाश.

दोन दिवस मी न सांगता वॉर्डात जाऊन उभा राहिलो. शेजारची पिशवी तोलली. तिचं वजन जसंच्या तसं. रक्त काढताना गुरलीनच्या हातात दर वेळी मोजे होते. मग ती पक्षाघाताने पडून असलेल्या बिशन कौर आजींकडे वळली, हातांना जंतुनाशक चोळलं आणि उघड्या बोटांनी नाडी पाहू लागली. जखम नसलेल्या मनगटाला मोजे लागत नाहीत, हे मीच शिकवलेलं. आजींनी तिची बोटं धरून ठेवली.

"पुत्तर, इतने दिन बाद किसी का हाथ लगा."

गुरलीनला मी दिसलो. "सर, शक नंबर पे है या मुझ पे?" ती हसत होती, पण वही तिने छातीशी घट्ट धरली होती.

"दोनों पे, बेटा," मी म्हणालो.

नाडी तिने अठ्ठ्याऐंशी सांगितली. खात्री करायला मी पुढे झालो. घड्याळाकडे पाहत मोजली, अठ्ठ्याऐंशीच. मान वर केली तेव्हा आजी माझ्या हातांकडे पाहत होत्या. खोक्यातून काढून मी मोजे कधी चढवले, मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरलीनने वजन करून आकडा वहीत लिहिला. ताणकाट्याला लटकलेल्या पिशवीत माझीही एक जोडी होती.