सराईमध्ये घोडे नव्हते

सराईमध्ये घोडे कधीच नव्हते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरीही वर्षभर, दर रविवारी, मी लोकांना तिथे घोडे दाखवले.

खराडीत जुन्या रस्त्याच्या कडेला, आमच्या शेताला लागूनच, ती सराई पडलेली आहे. तीन कमानी, मागे दगडी ओट्यांची ओळ, वर छप्पर नाही. काशीला, अजमेरला, आणखी कुठे कुठे पायी निघालेले लोक पूर्वी तिथे मुक्कामाला थांबत. वडील सांगायचे, "हितं निजलेल्याला कुठला म्हून इचारायचं नसतं. नियम हाय तो." वडील गेले, शेत विकलं, त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी त्यातल्याच एका ऑफिसात नोकरीला लागलो आणि रविवारी हौसेने लोकांना जुनं खराडी दाखवू लागलो.

पहिल्या फेरीत मी खरं तेच सांगत होतो. लोकांनी माना डोलावल्या आणि पाण्याच्या बाटल्या काढल्या. एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे नुसते झोपायचे? लढाईबिढाई काही नाही?" मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "नंतर इथे लष्कराची पागा होती." लगेच सगळ्यांचे फोन वर झाले. मग ओट्यांच्या गव्हाणी झाल्या. भिंतीतल्या दगडी कड्या वाटसरूंची गाठोडी टांगायला होत्या, त्यांना मी घोडे बांधले. दर रविवारी घोडे वाढत गेले.

सराईची राखण पिढ्यान्‌पिढ्या एका पिंजाऱ्यांच्या घराकडे होती. कापूस पिंजून रजया भरायच्या आणि मुक्कामाला आलेल्यांना पांघरायला द्यायच्या, हे त्या घराचं काम. त्यांच्यातले आता म्हातारे चाचा उरले होते. रस्त्यापलीकडे त्यांचं गाद्या-उशांचं दुकान. रोज सकाळी ते ओटे झाडत, चटया टाकत, माठ भरत. दुपारी पार्सलं पोचवणारी पोरं, वॉचमन, रस्ता खणणारे मजूर येऊन तासभर पाठ टेकत. सराई पडली होती, पण बंद झाली नव्हती.

चाचांनी माझी पागा ऐकली ती ओटे झाडता झाडता. लोक गेल्यावर म्हणाले, "बरं झालं आपण सांगितलंत. आमचे आजे-पणजे घोड्यांना रजया पांघरत होते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं."

मला ते लहानपणापासून अरे-तुरे करत आले होते. 'आपण' हा शब्द मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकला. मी हसलो. घरी येऊन उगाच कपाट आवरत बसलो.

मग शेजारच्या सोसायटीने 'पागे'ची डागडुजी मनावर घेतली. कुंपण आलं, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फायबरचा घोडा येऊन उभा राहिला. ऐतिहासिक वास्तूत कुणीही येऊन लोळायचं नाही, असं ठरलं. चाचांचा माठ बाहेर रस्त्यावर आला. चैत्रातलं ऊन. पोरं यायची, कुलूप बघायची, उभ्याउभ्या पाणी पिऊन निघून जायची. चाचा रोज चटया घेऊन फाटकापर्यंत यायचे आणि तशाच परत न्यायचे.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, "ती पागा नव्हती हो."

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत! आमची ही तीनदा ऐकून आलीये."

"चुकलो मी."

"मग चारचौघांत म्हणा तसं, मी कुलूप काढतो. नुसतं माझ्या कानात सांगितलंत, तर मी सगळ्यांना काय तोंड दाखवू?"

चारचौघांत. पुढच्या रविवारी मी ताप आल्याचं सांगून फेरी रद्द केली. त्याच्या पुढच्या रविवारी लोकांना नदीकडूनच परत फिरवलं. ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. जेवताना उठून पाणी आणायचो, पाणी समोरच असायचं. शेवटी बायको म्हणाली, "एक तर बसा तरी, नाहीतर जाऊन सांगून तरी या."

त्या रविवारी मी लोकांना थेट फाटकाशी नेलं. सेक्रेटरींना बोलावून घेतलं. दुकानात जाऊन चाचांना म्हटलं, "जरा बाहेर येता?" ते आले आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

"इथे पागा नव्हती," मी म्हणालो. "ही यात्रेकरूंची सराई आहे. ती राखणारे हे तुमच्या मागे उभे आहेत."

"मग इतके दिवस आम्ही ऐकलं ते काय?" एका बाईंनी विचारलं.

"थाप."

"फेरी फुकट आहे म्हणून वाचलात," कुणीतरी म्हणालं. हसले सगळे, चाचा सोडून. सेक्रेटरींनी खिशात बराच वेळ किल्ली शोधली आणि कुलूप काढलं.

लोकांमधून वाट काढत मी चाचांसमोर गेलो. घरून जुळवून आणलेली वाक्यं आठवेनात. त्यांची नजर माझ्यावरच होती.

"चाचा, मला खरं माहीत होतं," मी म्हणालो. "लोकांनी वाहवा करावी म्हणून मी तुमच्या घराचं काम पुसून टाकलं. ज्यांना इथे पाठ टेकायला मिळत होतं, त्यांना उन्हात उभं केलं. मला माफ करा."